वरुणा गाडीचा ओला रंग

पटलं नाही तर सोडून द्या. पण ज्याच्यासोबत हे घडलं तो प्रशांत माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि त्या दिवसानंतर त्याचा चेहरा मी स्वतः पाहिलाय.

२० एप्रिल २०२५, रविवार. भर दुपारचे साडेबारा. शहापूरहून मुरबाडला जाताना सरळगावच्या अलीकडचं एक गाव.

प्रशांतचे वडील, आप्पा, वाशिंदजवळच्या एका मोटार कारखान्यात रंग मारायचे. तिथे 'वरुणा' नावाची गाडी बनायची. १९९१ साली एका दुपारी कारखाना बंद झाला, तो कायमचाच. कागदपत्रं गेली, मशिनं गेली. आप्पा पुढे खोकून खोकून गेले. त्यांनी तिथे वीस वर्षं काढली, याचा एक चिटोराही उरला नाही.

हे प्रशांतला आतून खायचं.

म्हणून त्याने वरुणाच्या शौकिनांचा ग्रुप केला. जुने फोटो, कामगारांची नावं, उरलेल्या गाड्या... मिळेल ते जमवायचं.

त्या दिवशी ग्रुपमधली हर्षालीही सोबत होती. अशीच एक गाडी होती गावातल्या चिमाबाईंच्या परसात, पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांचा नवरा बुधाजी त्याच कारखान्यात फिटर. तो जाऊन सहा वर्षं झाली होती.

"फोटो काढा नि निघा," चिमाबाई म्हणाल्या. "जास्त येळ थांबू नका."

निळी वरुणा विटांवर उभी होती. चाकं नाहीत. इंजिन नाही. वर बोटभर धूळ.

प्रशांत फोटो काढत होता. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या.

एकदम त्या गप्प झाल्या...

मग वास आला.

ताज्या रंगाचा.

प्रशांतने गाडीच्या दाराला हात लावला. बोटं निळी झाली. धुळीखालचा रंग...

ओला होता.

"दादा, चला ना," हर्षाली म्हणाली.

तेवढ्यात गाडीच्या पलीकडून कुणीतरी खोकलं.

दोन छोटे ठसके. मग एक लांब, छाती फाडणारा.

तो खोकला प्रशांतने लहानपणापासून ऐकला होता.

"आप्पा?"

पलीकडे कुणी नव्हतं. फक्त मागच्या दारावर रंगाचा एक पट्टा सावकाश खाली सरकत होता. ब्रश फिरावा तसा...

हर्षाली धावत बाहेर गेली. प्रशांत त्या पट्ट्याकडे बघत तिथेच उभा राहिला. चिमाबाईंनी त्याला दंडाला धरून ओढलं.

"तुमचा बा पण येतो का? आमचा म्हातारा रोज येतो. पाना आपटल्याचा आवाज होतो."

"पण का येतात, आजी?"

"कारखाना बंद झाला त्या दिवशी भोंगा वाजलाच नाय रे पोरा. मालकानं मदीच टाळं लावलं. शिफ्ट सुटलीच नाय त्यांची. जितं गाडी हाय, तितं काम हाय."

प्रशांत घरी आला. तीन दिवस जेवला नाही. ज्या बापाची आठवण जपायला तो निघाला होता, त्याला त्यानेच कामाला जुंपून ठेवलं होतं का?

आत्याला, म्हणजे त्याच्या आईला, त्याने सगळं सांगितलं. तिने बुद्धविहारातल्या भन्तेजींना बोलावून आप्पांच्या शांतीसाठी घरी परित्राण पाठ ठेवला. दोघांची शिफ्ट एकदाची सुटावी म्हणून चिमाबाईंनी गाडी भंगारात दिली. कटरने तिचे तुकडे झाले तेव्हा प्रशांत तिथे उभा होता. मग त्याने ग्रुपवर लिहिलं, "उरलेल्या गाड्याही मोडून टाका."

लोक हसले. काही चिडले. एकाने विचारलं, "तब्येत बरी आहे ना दादा?"

परवा सकाळी नाशिकहून ग्रुपमधल्या रितेशचा प्रशांतला फोन आला. भलताच खूश होता.

"दादा, तीन मोडक्या वरुणांचे पार्ट जोडून एक नवीकोरी उभी केली! पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, तुम्हीच फीत कापायची. आणि गंमत ऐका... रंगारी मिळत नव्हता. आज शेड उघडतो तर अर्धी गाडी रंगवून तयार! कुणी केलं, कुणालाच ठाऊक नाही."

"निळी?"

"निळी. तुम्हाला कसं कळलं?"

फोनमध्ये, रितेशच्या मागे...

दोन छोटे ठसके. मग एक लांब.

"रितेश, तुझ्यासोबत कोण आहे?"

"मी एकटाच आहे की."

प्रशांतने विनवण्या केल्या. मोड ती गाडी, पाया पडतो तुझ्या. रितेशला ती थट्टा वाटली.

आत्याला यातलं काही माहीत नाही. काल जेवताना तिने विचारलं, "आता ह्यांना शांती मिळाली असंल ना रे?"

प्रशांत खाली मान घालून 'हो' म्हणाला.