टिकटिक थांबली की भजी

हे खरं घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, उत्कर्षाच्या बाबतीत. आणि उत्कर्षा म्हणजे भुताखेतांच्या गोष्टी ऐकून घेणारी मुलगी नव्हे. तिला काही सांगायला गेलं की पहिला प्रश्न यायचा, "मोजलंस का?"

जागा खडकीची. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरचं एक छोटं ऑफिस. साल २०२४, ऑक्टोबर.

आणि वेळ रात्रीची नाही… भर दुपारची.

कारण तिचं कामच उन्हाचं. सूर्यावर स्फोट झाला की त्याचे क्ष-किरण आठेक मिनिटांत पृथ्वीवर आदळतात. जिथे दिवस असतो, तिथल्या आकाशातला एक थर मग रेडिओच्या लघुलहरी अक्षरशः गिळून टाकतो. बोटींचे रेडिओ मुके होतात. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. असं कधी होईल याचा अंदाज बांधायचा आणि ज्यांच्या बोटी समुद्रात असतात त्यांना इशारा पाठवायचा. पिवळा म्हणजे सांभाळून जा. लाल म्हणजे धक्का सोडू नका.

ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुना रिसीव्हर होता. त्यावर वेळ सांगणारं एक परदेशी स्टेशन दिवसभर लावलेलं असायचं.

टिक… टिक… टिक…

स्फोट झाला की ती टिकटिक बुडायची. म्हणजे अंदाज बरोबर आला! मग ऑफिसचे मालक केदारसर टाळी वाजवायचे आणि खालच्या गाडीवरून कांदाभजी यायची. टिकटिक परत येईपर्यंत पुडा संपवायचा, ही तिथली पद्धत.

त्या शांततेत सगळे खायचे. उत्कर्षाही खायची.

सप्टेंबरात एकदा तिने लाल इशारा लिहिला. केदारसरांनी तो पिवळा करून पाठवला.

"सारखं लाल लाल केलंस तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. ते गेलं की मग सूर्याकडून पगार घे."

दुपारी टिकटिक थांबली. टाळी वाजली. भजी आली.

त्याच वेळी कोकण किनाऱ्यापासून लांब, एका सर्वेक्षणाच्या बोटीत पाणी शिरत होतं. उपग्रहावरून चालणारा फोन महाग पडतो म्हणून बोटीवर ठेवलेलाच नव्हता. रेडिओवर बसणारा बजरंग मदत मागत राहिला. कुणालाही ऐकू गेलं नाही. बाकीच्यांना मच्छीमारांनी बाहेर काढलं.

बजरंग सापडला नाही.

उत्कर्षाने त्याला कधी पाहिलं नव्हतं. ओळख फक्त आवाजाची. भोरकडचा मुलगा. रोज सकाळी रेडिओ तपासताना फोन करून विचारायचा, "ताई, आज ऊन कसं हाय?"

आता तो ऑक्टोबरचा दिवस.

सूर्य शांत होता. कोणताच इशारा दिलेला नव्हता. बजरंगच्या जागी आलेला शंभू जेवण उरकून नवी बोट घेऊन निघणार होता.

आधी वास आला.

सडलेल्या मासळीचा. आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर… बंद डब्यात आठवडाभर राहिलेल्या भातासारखं. उत्कर्षाने नाक दाबलं.

"निकिता, कचरा साठलाय का गं?"

शेजारच्या टेबलवरच्या निकिताने हवा हुंगली. "नाही ताई. कसला वास? मला तर काहीच येत नाहीये."

टिक… टिक…

आणि टिकटिक थांबली.

केदारसरांनी सवयीने टाळी वाजवली. फोन करून भजी मागवलीसुद्धा.

"सर, स्फोट झालेला नाही," उत्कर्षा म्हणाली. "उपग्रहावरून येणारा क्ष-किरणांचा आलेख बघा. सपाट आहे."

"मग डबडं बिघडलं असेल. भजी काय त्यावर तळतात का?"

तिने ॲन्टेनाची तार पाहिली. जोडण्या पाहिल्या. दुसरी दोन स्टेशनं लावून पाहिली. सगळीकडे तीच शांतता.

पुडा आला. केदारसरांनी एक भजं तोंडात टाकलं.

मच… मच… मच…

उत्कर्षाला वाटलं, सर फारच आवाज करून खातायत. मग लक्षात आलं.

आवाज रिसीव्हरमधून येत होता.

ओला, जड आवाज. पाण्याने भरलेल्या तोंडात कुणीतरी काहीतरी चघळतंय, असा.

केदारसर चावायचे थांबले.

आवाजही थांबला.

त्यांनी हळूच एकदा दात हलवले… मच.

निकिताने खुर्ची मागे सरकवली. हे मात्र तिलाही ऐकू येत होतं. केदारसर घास तोंडात धरून पुतळ्यासारखे बसले होते. गाल फुगलेला. ओठाच्या कोपऱ्यातून तेल ओघळत होतं.

आणि रिसीव्हरमध्ये कुणीतरी… गिळलं.

सर कागदावर थुंकले. पिवळ्या लगद्यात वाळू होती. बारीक, ओली, काळी वाळू. आणि चमकणारे दोन-तीन खवले.

मग आवाज आला. अगदी खालचा.

"ताई… ऊन कसं हाय?"

उत्कर्षाने वळून आलेख पाहिला. अजूनही सपाटच.

"सर, लाल इशारा पाठवू या. शंभू निघेल आता."

"कारण काय लिहिशील?" केदारसर रुमालाने जीभ पुसत म्हणाले. टोमणा मात्र तयारच होता. "वास आला, असं लिही. आणि खाली माझी सही नको."

तिने कारण लिहिलंच नाही. स्वतःच्या नावाने इशारा पाठवला आणि शंभूला फोन लावला.

"ताई, दोर सोडतच होतो बघा. इथं तर लख्ख ऊन हाय की."

"सोडू नकोस. माझं ऐक."

जवळजवळ तासाभराने आलेख एकदम उभा चढला. त्या महिन्यातला मोठा स्फोट. समुद्रावरचे सगळे रेडिओ मुके झाले. शंभूची बोट धक्क्यालाच होती.

आता हे मला पटवून घ्यायचं म्हटलं तरी पटत नाही. सूर्याकडून प्रकाशाआधी काहीही निघून पृथ्वीवर पोहोचू शकत नाही. तरी तो रिसीव्हर तासभर आधी गप्प झाला होता.

तुम्हाला वाटेल, केदारसर हादरले असतील. हादरले ना. एक दिवस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं, रिसीव्हर जागचा हलवायचा नाही. मग बोटवाल्यांना कळवलं की आमच्याकडे अंदाजाची नवी पद्धत आली आहे, त्याचे दर वेगळे. आता रोज सकाळी ते उत्कर्षाच्या टेबलाशी वाकून विचारतात, "काय, आला का वास?"

आला की टाळी वाजवतात.

आणि भजी मागवतात. स्वतः बाल्कनीत, दार लावून खातात.

उत्कर्षा म्हणते, त्या सडक्या वासाची एक वेळ सवय होईल. तेलकट बोटांनी तिच्या खांद्यावर थाप मारून सर "शाब्बास" म्हणतात ना, त्याची नाही होणार. तेव्हा ती खरंच बेसिनकडे धावते.

"मग सोड ना नोकरी," मी म्हणायचे.

"निकिताला वास येत नाही. मी गेले तर शंभूला कोण सांगेल?"

ती फार वाळली आहे. तळलेलं तर सोडाच, साधा वरणभातही तिला बघवत नाही.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. ती कात्रजच्या तिच्या खोलीवर होती. सूर्य मावळून गेला होता. रात्रीच्या बाजूला लघुलहरी कुणी गिळत नाही, एवढं भौतिकशास्त्र मीही शिकलेय.

बोलता बोलता मी हसून विचारलं, "काय खातेस गं एवढं?"



"मी सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही," ती म्हणाली. "का? काय ऐकू येतंय तुला?"

मच… मच…

तिला ते ऐकू येत नव्हतं.

मी फोन ठेवला. मग तळहात नाकाशी नेला… आणि दोनदा साबणाने धुतला.

तरी तो वास जात नाहीये.

उद्या ऊन कसं असेल, कोण जाणे.