ताबा कोणाकडे

त्या बाहेरच्या दिव्याकडे नका बघू, तो असाच मिणमिणतो. जवळ सरका. हे ज्याच्यासोबत घडलं तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसला. खोटं बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

आम्ही त्याला नंबरकाका म्हणायचो. मोठ्या इस्पितळाचा स्टोअरकीपर. खाट असो, स्टूल असो, भिंतीवरचा आरसा असो, प्रत्येक वस्तूवर नंबराची चिठ्ठी चिकटवायची आणि कॉम्प्युटरवर तिची नोंद ठेवायची, हे त्याचं काम. घरच्या भांड्यांनाही नंबर टाकले असतील, असं आम्ही चिडवायचो. तो नुसता हसायचा. घरी भांडी वाजवायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी लांब, तिचा फोन रविवारी.

तर इस्पितळाची जुनी इमारत पाडायची ठरली. सामान नव्या इमारतीत जायचं होतं. मोठ्या मॅडमनी नंबरकाकाला बोलावून सांगितलं, की आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचं नाव आहे, नंबर आहे, जागा आहे, पण ती कोणाच्या ताब्यात आहे तेवढंच नाही. तो रकाना जोडा आणि सकाळच्या आत भरून द्या. दिवसा सगळे वॉर्ड त्याच सॉफ्टवेअरवर काम करायचे, म्हणून असले बदल रात्री नऊनंतरच करायचे, असा नियम.

मंगळवार होता. अठरा नोव्हेंबर. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याने रकाना जोडला. नाव दिलं, 'ताबा कोणाकडे'. बटण दाबलं, आणि दोनशे चाळीस नोंदींमध्ये एकदम एकेक रिकामी चौकट उघडली. मग लॅपटॉप काखेत मारून तो जुन्या इमारतीत शिरला. वस्तूवरची चिठ्ठी यंत्राने वाचायची, नोंद उघडली की रकाना भरायचा, पुढे सरकायचं. वॉर्ड एक, वॉर्ड दोन, तपासणीची खोली. काम लोण्यासारखं चाललं होतं.

साडेदहाला तो दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत पोचला. एक टेबल, एक लाकडी खुर्ची, एक आरसा. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. त्याने तिची चिठ्ठी वाचली.

रकाना रिकामा नव्हता.

'माझ्याकडे.'

त्याला वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. त्याने अक्षरं पुसली आणि टेबलाची चिठ्ठी वाचली. 'माझ्याकडे.' आरसा. 'माझ्याकडे.' त्याने कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन लावला. पोरगं झोपेतून उठलं, बघितलं, म्हणालं की काका, आत्ता आत फक्त तुम्हीच आहात, दुसरं कोणी नाही.

लॅपटॉप टेबलावरच ठेवून काका खाली आला. वॉचमन जुना माणूस. कोणती खोली ते ऐकलं आणि त्याने हातातली काठी भिंतीला टेकवली. सांगायला लागला. त्या खोलीत एक सिस्टर राहायची. रात्रपाळी करायची. तिला मागेपुढे कोणी नव्हतं. एकदा चार दिवसांची रजा टाकली. रजा संपली तरी आली नाही, म्हणून दार उघडलं. खुर्चीत बसलेली होती.

"कधी गेली?" काकाने विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, रजेच्या पहिल्याच दिवशी."

 नंतर काका मला म्हणाला होता, की भीती नंतर वाटली. आधी मनात आलं, आपलं तर दार उघडायलाही रविवार यावा लागेल.

वॉचमन वर यायला तयार नव्हता. लॅपटॉप तर आणायलाच हवा होता. काका एकटा चढला.

खोली तशीच होती. टेबल तिथेच. आरसा तिथेच. खुर्ची मात्र... खुर्चीचं तोंड आता दाराकडे होतं.

  पळावं असं वाटलं. पण हात सवयीने चालत होते. त्याने आणखी एक रकाना जोडला. नाव दिलं, 'काय हवंय?' आणि खुर्चीची नोंद उघडली.

चौकट रिकामी.

तो थांबला.

रिकामीच.

मग एक अक्षर उमटलं. मग दुसरं.

'काही नाही.'

थोडा वेळ गेला. बाहेर वारा नव्हता. पानही हलत नव्हतं. त्याच चौकटीत, त्याच शब्दांपुढे...

'बसा.'

काकाने खुर्चीवर हात ठेवला.

ऊब होती. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

आणि पोरांनो, तो बसला. तुम्ही आम्ही पायऱ्या चुकवत खाली धावलो असतो. तो बसला. मान वळवली नाही. खांद्यामागे कोणीतरी उभं होतं, एवढं त्याला कळत होतं. श्वास नव्हता. पावलं नव्हती. नुसतं... उभं होतं.

"माझ्याही घरी कोणी नाही, सिस्टर," तो हळूच म्हणाला.

आणि तसाच बसून राहिला.

बारा वाजता वॉचमनने खालून हाक मारली, तेव्हा तो उठला. खुर्चीपुढे पुसलेलं 'माझ्याकडे' त्याने पुन्हा लिहिलं, टेबल आणि आरशापुढचं तसंच राहू दिलं. स्वतः जोडलेला दुसरा रकाना काढून टाकला. लॅपटॉप ऑफिसच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि घरी गेला. दिवा चालू ठेवून पडून राहिला.

सकाळी मी त्याच्या शेजारी होतो. कपाट त्याने माझ्यासमोर उघडलं. यादी मॅडमना दाखवायची म्हणून लॅपटॉप सुरू केला, आणि त्याने तो माझ्याकडे वळवला. मी वाकून बघितलं. 'ताबा कोणाकडे'च्या खाली आणखी एक रकाना होता. एका नोंदीत नाही, दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस नोंदींत. कॉम्प्युटरवाल्या पोराने शोधून काढलं, की तो पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी जोडलेला आहे. कुठून, ते त्याला सापडलं नाही. आजतागायत सापडलेलं नाही.

चौकटी सगळ्या रिकाम्या होत्या. रकान्याला फक्त नाव दिलेलं होतं.

'काका, जेवलात का?'