दोनशे सतरा नंबरचा बिल्ला

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर मानू नका, पण रचलेली म्हणू नका. यज्ञेश्वरकाका आमचे शेजारी. त्यांनी ती मला स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही.

साल १९९६. सर्वपित्री अमावास्या, शनिवार. जागा उज्जैन, नानाखेड्याच्या अलीकडची आमची कॉलनी.

आणि वेळ रात्रीची नाही हो. भर दुपारचे दोन.

काकांची सगळी नोकरी छिंदवाड्याकडच्या एका कोळशाच्या खदानीत गेली. त्या वर्षी खदान तोट्यात म्हणून बंद केली. पंप थांबले, खाली पाणी भरलं. काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, इथे दोन खोल्यांचं नवं घर बांधलं आणि काकू, मुलगा अनय, सून देवश्री असे सगळे राहायला आले.

काका तिकडे बत्तीघरात बाबू होते. बत्तीघर म्हणजे खदानीच्या तोंडाशी असलेली खोली. खाली उतरणारा माणूस आपला पितळी बिल्ला बाबूला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. बाबू तो बिल्ला फळीवर त्याच्या नंबरच्या खिळ्याला टांगायचा. माणूस वर आला, दिवा परत केला, की बिल्ला परत मिळायचा.

म्हणजे हिशेब सोपा. खिळ्यावर बिल्ला आहे तोवर माणूस खाली आहे.

खिळा रिकामा, तर खाली कोणी नाही.

त्या सकाळी काका क्षिप्रेकाठी सिद्धवटाच्या घाटावर श्राद्धाला बसले होते. वडील झाले, आजोबा झाले, आईकडचे झाले. गुरुजी म्हणाले, "आणखी कुणी? मित्र, शेजारी, नोकरीतलं माणूस? राहिलं असेल तर आत्ताच सांगा."

काकांच्या ओठांवर एक नाव आलं होतं.

पण शेजारी अनय बसला होता. तो विचारणार, हा कोण?

"नाही," काका म्हणाले. "सगळे झाले."

मग हात धुवायला म्हणून ते पायऱ्या उतरले. कमरेला खोचलेली पुडी काढली आणि क्षिप्रेत सोडली. पुडीत एक पितळी बिल्ला होता. नंबर दोनशे सतरा.

नऊ वर्षं तो त्यांनी खिळे-स्क्रूच्या डब्यात तळाशी दडवला होता. आता सुटलो, असं त्यांना वाटलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

घरी पानं मांडली होती. काकू खीर वाढता वाढता म्हणाल्या, "चारोळी विकतची आहे हो. झनकलाल जंगलातून आणायचा ना, ती चवच वेगळी. कुठे पळाला मेला, बायकोला टाकून!"

काकांनी खिरीची वाटी बाजूला सारली.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. खदानीत दोनला पहिली पाळी सुटते. माणसं वर येतात.

आणि खालून आवाज आला...

टक्... टक्... टक्...

पायाखालच्या फरशीतून.

"कोणाचं तरी बोरिंग चालू आहे," अनय म्हणाला. कॉलनी नवी होती, रोज कुठे ना कुठे जमिनीला भोकं पाडणं चालूच असायचं. कोणी लक्ष दिलं नाही.

काकांनी पाय वर उचलून पाटावर घेतले.

रविवारी पुन्हा दोन वाजता... टक्... टक्... टक्... तीन ठोके, मग थोडा थांबा, मग पुन्हा तीन. अर्धा तास.

सोमवारी देवश्री स्वयंपाकघरातून आली. चेहरा उतरला होता. "बाबा, आज तर कुठेच बोरिंग नाहीये. मी गच्चीवरून बघून आले. आणि ते... ते ना, मशीनसारखं नाही वाटत. कोणी तरी थकून थकून ठोकतंय असं वाटतं."

"उंदीर असतील," काका म्हणाले.

सून तोंडाकडे बघत राहिली. काकांना तिच्यासमोर बसवेना, ते उठून बाहेर गेले.

त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं त्यांनी.

झनकलाल परतेती. खदानीत छताला टेकू लावायचं काम करायचा. आमच्या काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान, जवळच्याच पाड्यातला गोंड. खदानीच्या कॉलनीत मराठी घरं बारा. गणपतीत बाबू लोक नाटक बसवायचे आणि दरवर्षी पडदा ओढायला झनकलाल. मराठी अक्षर कळत नसे, पण विनोदाच्या जागी सगळ्यांच्या आधी हसायचा. उन्हाळ्यात काकूंना पसाभर चारोळी द्यायचा आणि पैसे विचारले की पळून जायचा.

सत्याऐंशी साली खाली छत कोसळलं. दोन मृतदेह मिळाले. पण फळीवर बिल्ले तीन.

तिसरा होता दोनशे सतरा. खदानीच्या साहेबांनी त्याला अशा गल्लीत धाडलं होतं, जिथे माणूस पाठवायलाच मनाई होती. तिथवर खणायचं म्हणजे आठ दिवस, आणि मग चौकशी.

दुसऱ्या दिवशी बचाव पथकाचा माणूस वर आला आणि म्हणाला, आतून ठोकल्यासारखं ऐकू येतंय. आम्ही वरून तीन ठोके दिले, तर खालून तीन आले.

वरून ठोका देण्याचा अर्थ खदानीत लहान पोरालाही ठाऊक. ऐकलं. येतोय. धीर धर.

साहेबांनी काकांना बाजूला घेतलं. "बाबूजी, फळी नीट बघा. तीन आहेत की दोन?"

काकांनी फळीकडे बघितलं. मग हात वर केला आणि बिल्ला काढून खिशात टाकला. त्याचा दिवा दुरुस्तीला गेलाय असं वहीत लिहिलं.

फळी म्हणाली, खाली कोणी नाही. दगड सरकतात, आवाज होतात. खणणं थांबलं.

एवढ्यावर भागलं नाही. माणूस गेला कुठे, हे लोक विचारणारच. तेव्हा तो नागपूरकडे कुण्या बाईबरोबर पळाला, ही बातमी काकांनीच पानाच्या टपरीवर सोडली. पुढच्या महिन्यात त्यांची बत्तीघरातून ऑफिसात बदली झाली. पंख्याखालची खुर्ची मिळाली.

"एका पंख्यासाठी रे," मला सांगताना काका म्हणाले होते. "लाज वाटते सांगायला. माणसं खून करतात तेही काही तरी मोठं मिळावं म्हणून."

मंगळवारी ठोके मंद झाले. तीनऐवजी दोन... मग बराच वेळ काहीच नाही... मग एक.

बुधवारी काका दोनच्या आधीच फरशीवर आडवे झाले, कान लावून. काकू म्हणाल्या, "अहो, हे काय?" 

दोन वाजले.

टक्...

एकदाच.

काका तीन वाजेपर्यंत तसेच पडून होते. पुढे काही आलं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. ठोक्यांपेक्षा ती शांतता वाईट होती, असं ते म्हणायचे.

शनिवारी त्यांनी घरी सांगितलं, पेन्शनचं काम आहे. देवास गेटच्या स्टँडवरून इंदूर गाठलं आणि तिथून छिंदवाड्याची बस पकडली. रविवारी सकाळी ते पाड्यात होते.

झनकलालची बायको फुलवती अंगणात धान्य पाखडत होती. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, भांगात शेंदूर. नऊ वर्षं.

"बाबूजी!" ती उठली. "कुछ पता चला क्या उनका?"

काका अंगणात आले. ते जमिनीवरच बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. बिल्ला, साहेब, नागपूरची बाई, सगळं. "दो दिन... दो दिन तक वो ठोकता रहा," ते म्हणाले. "और मैंने..."

फुलवती रडली नाही. ओरडलीही नाही. सूप खाली ठेवून म्हणाली,

"दो नहीं, बाबूजी. पाँच दिन."

काकांनी वर बघितलं.

"मेरे कुएँ में आता था. दोपहर में. पहले तीन-तीन, ज़ोर से. फिर धीरे... धीरे... पाँचवें दिन एक ही बार." तिने विहिरीकडे बोट दाखवलं. "मैं आई थी ना आपके पास. तीसरे दिन. बोला था, कुएँ में आवाज़ आती है. आपने तख्ता दिखाया था."

हे काकांनी मला आधी सांगितलंच नव्हतं. इथे आल्यावर ते त्यांना सांगावं लागलं.

तिसऱ्या दिवशी ती खरंच आली होती. धावत, अनवाणी. आणि काकांनी तिला हाताला धरून फळीपुढे उभं केलं होतं. रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "देख. दो सौ सत्रह. खाली है ना? तो नीचे कोई नहीं." त्या वेळी बिल्ला त्यांच्या खिशात होता. तिला फळी वाचता येत नव्हती. बाबूजी खोटं बोलणार नाहीत म्हणून ती निमूट परत गेली.

फुलवतीने बांगड्या दगडावर फोडल्या. एक एक करून. मग पदराने भांग पुसला आणि हात पुढे केला.

"बिल्ला दे दो, बाबूजी. उनकी मिट्टी तो मिली नहीं. वही रख लूँगी."

काकांनी तिच्या हाताकडे बघितलं.

नऊ वर्षं तो डब्यात होता. अजून आठवडाभर तसाच राहिला असता, तर आज तिच्या हातात पडला असता.

"घर पे है," काका म्हणाले. "भेज देता हूँ."

तिथेही खोटंच बोलले.

उज्जैनला परतल्यावर त्यांनी चार दिवस नावाडी लावून सिद्धवटाचा घाट धुंडाळला. नाणी निघाली, दिवे निघाले, कुणाची तरी चांदीची जोडवी निघाली. बिल्ला निघाला नाही.

पुढच्या सर्वपित्रीला काका अनयला शेजारी बसवून स्पष्ट म्हणाले, "झनकलाल परतेती." गुरुजींनी गोत्र विचारलं. काकांना माहीत नव्हतं. ज्याचं गोत्र कळत नाही त्याला काश्यप म्हणतात, तसं म्हणून पिंड दिला. आता तरी मोकळं होईल, असं वाटून ते घरी आले.

दोन वाजले...

टक्... टक्... टक्...

काका म्हणाले, त्या वेळी भीती वाटली नाही. शरम वाटली. नऊ वर्षं, दहा वर्षं हा माणूस ठोकतोय आणि आपण पाय वर घेऊन बसतो. ते उठले, खलातला बत्ता घेतला, फरशीवर गुडघे टेकले आणि तीन ठोके दिले.

खाली एकदम शांत झालं.

आणि मग...

टक्टक्टक्टक्टक्...

भराभर. न थांबता. बुडणाऱ्याला कोणी तरी दिसावं तसं.

तेव्हा काकांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. वरून ठोका म्हणजे, ऐकलं. येतोय.

त्याच संध्याकाळी त्यांनी मजूर बोलावून फरशी उखडली. काकू रडल्या, अनय भांडला. सहा फूट खणलं. काळी माती, मग मुरूम. सगळं कोरडं ठणठणीत. आणि रोज दोन वाजता ठोके येतच होते, त्या खड्ड्याच्याही खालून. पाचव्या दिवशी एकच आला.

"मग पुढच्या वर्षी?" मी विचारलं होतं. "उत्तर दिलंत?"

"दिलं," काका म्हणाले. "दर वर्षी देतो. न देणं जमत नाही रे. आणि दिलं, की तो पुन्हा पाच दिवस वाट बघतो."

काका २००४ मध्ये गेले. अनय आणि देवश्री पुण्याला गेले, घराला कुलूप आहे. आमची आणि त्यांची भिंत एकच.

मी त्या भिंतीला हात लावून सांगतो, दर सर्वपित्रीला दुपारी दोन वाजता ते येतं. पाच दिवस. आमच्या भिंतीतून, खालच्या अंगाने. तीन ठोके, मग थांबा. कोणी तरी उत्तर देईल म्हणून ठेवलेला असावा तेवढा थांबा.

आमच्या घरातही खलबत्ता आहे.

मी टीव्हीचा आवाज वाढवतो.