सातव्या पिशवीतली वाळू

मी भूगोलाचा मास्तर आहे. सोलापुरातल्या हायस्कुलात सव्वीस वर्षं मुलांना भरती-ओहोटी शिकवतोय आणि समुद्र मी अजून पाहिलेला नाही. शाळेतले लोक यावरून माझी थट्टा करतात. करू देत. का पाहिला नाही, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हांला सांगतो, कारण आज सकाळपासून मला गप्प बसवत नाही.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची, एकतीस सालच्या उन्हाळ्यातली. माझी मुलगी यशोदा तेव्हा नऊ वर्षांची होती. पाचव्या वर्षी आलेल्या तापात तिचा डावा पाय अधू झाला. टाच जमिनीला टेकायची नाही, बोटांवर पाय ओढत चालायची. घरात ती कुठं आहे हे आम्हांला न बघता कळायचं. उजव्या पायाचा ठप्प, मग डाव्याची फरफट. ठप्प, फरफट.

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, औषधं पुरे झाली. सुट्टीत हिला समुद्रावर न्या. मऊ वाळूत चालू द्या, खाऱ्या पाण्यात पोहू द्या. टाच टेकायची असेल तर तिथंच टेकेल."

कुठला समुद्र, ते त्यांनी सांगितलं नाही. दुसरा कुणी असता तर चार लोकांना विचारून मोकळा झाला असता. मी पडलो भूगोलाचा. नकाशावरून कोकणपट्टीतली सात गावं काढली आणि सातही शाळांना पत्रं टाकली, की उन्हाळ्यात पोहण्यासाठी जागा बघतो आहे, तरी सोबतच्या पिशवीत आपल्या किनाऱ्याची वाळू भरून पाठवावी. पिशव्या माझ्या पत्नीने, रुक्मिणीने, गिरणीतून आणलेल्या चिंध्यांच्या शिवल्या आणि प्रत्येकीवर लाल दोऱ्याने आकडा काढला.

"लोक हवापाणी बघून गाव ठरवतात," ती म्हणाली. "तुम्ही वाळू चाळून ठरवा."

मी खरोखरच चाळली. सहा पिशव्या आल्या, त्या माजघरात सहा ताटांत पसरल्या, पिठाच्या चाळणीने एकेक चाळली आणि यशोदेला त्यांत उभी करून पाहिली. एकीत शिंपल्यांचे तुकडे, एक जाड, एक काळी. टाच कशातच टेकेना. रुक्मिणी रोज विचारायची, "माझी ताटं कधी मिळणार?" दुसरीकडे पोहण्याची शिकवणीही चालू होती. पोरीला पाटावर पालथी झोपवायचं आणि पुस्तकात बघून हातपाय मारायला लावायचं. तिच्या कमरेला बांधायला मी दोन वाळके भोपळे आणि सुतळी आणली होती. ते भोपळे बांधून ती दिवसभर घरात हिंडायची आणि येईल त्याला सांगायची, "आम्ही समुद्राला जाणार आहोत."

सातवी पिशवी वैशाख शुद्ध नवमीला आली. ओली होती. पोस्टमनने ती दोन बोटांत, अंगापासून लांब धरून आणली. आत चिठ्ठी होती. "वाळू मऊ आहे. पाण्याला उतार हळू आहे. मुलीला घेऊन यावे." खाली गावाचं नाव, पालवेळ. सही नव्हती. मुलीबद्दल मी कुणालाच काही लिहिलं नव्हतं. लिहिलं असेल आणि विसरलो असेन, अशी मी मनाची समजूत घातली.

वाळू मात्र पिठीसारखी होती. ताटं संपली होती, म्हणून ती पितळी परातीत ओतली. परात चार बोटं खोल.

सोलापूरचा वैशाख तुम्हांला ठाऊक आहे. धोतर दोरीवर टाकून दुसरं टोक सारखं करेपर्यंत पहिलं टोक वाळतं. ती वाळूही दुपारपर्यंत वाळली. पण दशमीला सकाळी साडेसातला पाहतो तो पुन्हा ओली. यशोदेनं तांब्या ओतला असेल म्हणून मी तिला रागावलो. दुपारी वाळू कोरडी. एकादशीला सव्वाआठला ओली. द्वादशीला नऊला. रात्रीही ओली होत असणार, पण मी उठून पाहिलं नाही.

वेळा मी वहीत मांडत होतो. द्वादशीला वही समोर धरली आणि त्या वेळा ओळखल्या. तिथीला पाऊणने गुणायचं, तितके वाजता भरती. कोकणातले कोळी असाच हिशेब करतात. दरवर्षी मी हेच मुलांना फळ्यावर लिहून देत होतो. शंभर कोसांवरच्या समुद्राला भरती आली की माझ्या माजघरातली परात ओली होत होती.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला, हे कबूल करतो. एवढ्या वर्षांत समुद्र पाहिला नव्हता, तो आपण होऊन घरी आला होता.

त्रयोदशीला पावणेदहाला यशोदा त्या ओल्या वाळूत उभी राहिली आणि तिची टाच टेकली. पूर्ण टेकली. परातीतून उतरून ती माजघरभर चालली. ठप्प, ठप्प. रुक्मिणी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दाराशीच रडायला लागली. वाळू सुकली तशी टाच पुन्हा उचलली गेली, पण माझं ठरलं होतं. पालवेळ. त्याच दुपारी मी स्टेशनवर जाऊन गाडीच्या वेळा विचारून आलो.

चतुर्दशीला यशोदा परातीत उभी राहून गेल्यावर आमची भांडी घासणारी ईरम्मा परात मागायला आली. अक्कलकोटकडची बाई, बोलायला फटकळ. ती परातीशी वाकली आणि तशीच राहिली.

"मास्तर, पोरगी एकलीच हुबी व्हती न्हवं?"

"मग? आणखी कोण असणार?"

"मग हे बगा की. हे चार पाय हायती."

यशोदेच्या पावलांसमोर, तिच्याकडे तोंड करून, आणखी दोन पावलं उमटली होती. तेवढीच लहान. उजवं पूर्ण. डाव्याची नुसती बोटं.

"जुने ठसे असतील तिचेच," मी म्हणालो. पण रोज रात्री मी फूटपट्टीने वाळू सपाट करत होतो.

"न्हाय मास्तर. पाय तिचाच हाय, पन तिनं न्हाय ठिवला. दुसरंच कुनीतरी घालून आलंय." ईरम्माने नाकाला पदर लावला. "टाका ती वाळू. लई वंगाळ वास मारतीया."

वास मलाही येत होता. खारट, कुबट, खूप दिवस पाण्यात पडलेल्या लाकडाचा. तरी मी हसून तिला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती, सगळ्यांत मोठी भरती. त्या पाण्यात टाच एकदा टेकली की कायमची टेकेल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. बापाचा लोभ, दुसरं काय.

पौर्णिमेला अकरा वाजता मी घड्याळ घेऊन परातीशी बसलो. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लांबून गिरणीची घरघर येत होती. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं, की ही घरघर गिरणीची नाही. ती मधेच थांबत होती, मग पुन्हा येत होती.

यशोदा भोपळे बांधून परातीत उभी राहिली.

"अण्णा, पाणी गार आहे."

वाळूतून पाणी वर आलं. परातीच्या काठाला लागलं, पण काठावरून सांडलं नाही. तिचे घोटे बुडाले. मग पोटऱ्या. चार बोटांच्या परातीत माझी मुलगी गुडघ्यांपर्यंत बुडाली होती आणि मी हातात घड्याळ धरून बघत होतो.

"अण्णा... ती म्हणते, अजून एक पाऊल पुढं ये."

"कोण ती?"

"तिनं तिचा पाय मला दिला ना... आता माझा तिला दुखतोय..."

पाणी कमरेला लागलं, भोपळे तरंगायला लागले. मग तेही खाली ओढले गेले. मी सुतळी पकडली. खालून कुणीतरी ओढत होतं, हिसके न देता, सावकाश. हळू उतार, हळू उतार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. यशोदेचे केस पाण्यावर पसरले आणि मी ओरडलो. मागीलदारी भांडी घासणारी ईरम्मा धावत आली. तिने मला विचारलं नाही की देवाचं नाव घेतलं नाही, सरळ परातीला लाथ घातली.

परात उलटली. फरशीवर वाळू सांडली, कोरडी ठणठणीत. यशोदा माझ्या मांडीवर होती, नखशिखांत भिजलेली. तिच्या गालाला माझे ओठ लागले, ते खारट झाले. डोळे उघडून ती पहिलं वाक्य बोलली, "अण्णा, माझा पाय तिच्याकडंच राहिला."

ती वाळू मी पुन्हा सातव्या पिशवीत भरली, तोंड शिवलं आणि रजिस्टर करून परत धाडली. पंधरा दिवसांनी पोच आली. सहीच्या जागी लहान मुलाच्या अंगठ्याचा ठसा होता, शाई फुटलेला.

टाच पुन्हा कधी टेकली नाही. आम्ही समुद्राला गेलो नाही. दर उन्हाळ्यात यशोदा म्हणायची, "अण्णा, एकदाच चला. नुसता पाय घेऊन येऊ." मी ऐकलं न ऐकलं करायचो. आता ती सोळा वर्षांची आहे. दोन ठिकाणची माणसं तिला बघायला आली, तिच्या चालण्याचा आवाज ऐकून चहा पिऊन गेली. दोन्ही रात्री ती रडली नाही, मीच रडलो. गेल्या वर्षापासून तिनं समुद्राचं नाव काढणं सोडलं. मला वाटलं, विसरली.

काल रुक्मिणीने ऊन द्यायला तिची ट्रंक उपसली. तळाशी एक पिशवी निघाली. गिरणीची चिंधी, लाल दोऱ्याने काढलेला सात, टाके रुक्मिणीचेच. पिशवी रिकामी होती. तिने ती बाकी कपड्यांबरोबर दोरीवर टाकली. कपडे घटकेत वाळले. पिशवीचं पाणी आज सकाळीही ठिबकत होतं.

मी यशोदेला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "पालवेळला पत्र मी घातलं होतं, अण्णा. तुम्ही नेत नाही म्हणून." आणि माजघरात जाऊन तिनं कडी लावून घेतली. तेव्हा मी परात टांगायच्या खुंटीकडे पाहिलं. परात खुंटीवर नव्हती.

आज त्रयोदशी. घड्याळात पावणेदहा झाले होते. बंद दाराआड पावलं वाजायला लागली. ठप्प, ठप्प. दोन्ही टाचा. रुक्मिणी स्वयंपाकघरातून धावत आली, माझा दंड धरून म्हणाली, "अहो, ऐकलंत का? टेकली!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी दाराला कान लावून उभा होतो. मलाही ऐकू येत होतं. ठप्प, ठप्प. आणि त्या पावलांच्या थोडं मागून, अंतर राखून चालणारी दुसरी पावलं.

ठप्प, फरफट.