अळिवाचं गाव

दिवाळीचा किल्ला म्हणजे रायगड, सिंहगड, फार तर जंजिरा. कुठल्याही मराठी माणसाला झोपेतून उठवून विचारा, यातलंच एखादं नाव सांगेल. माझ्या नवऱ्याने, उल्हासने, नॉनसच करायचा ठरवला.

नॉनसच म्हणजे काय, ते त्याने मला पोळ्या लाटताना ऐकवलं. माझ्या हातात लाटणं असलं की याला इतिहास सुचतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३८ साली बांधायला घेतलेला राजवाडा. नावाचा अर्थच मुळी ‘असा दुसरा नाही’. दोन मोठे चौक. आतल्या चौकाला लाकडी सांगाडा आणि भिंतींवर पांढऱ्या गिलाव्यात घडवलेले देव, सम्राट आणि काय काय. दक्षिणेकडच्या दोन कोपऱ्यांवर अष्टकोनी मनोरे. पुढे दीडशे वर्षांच्या आतच एका राजाने तो आपल्या मैत्रिणीला देऊन टाकला, आणि त्या बाईने तो पाडून दगड, लाकूड सगळं विकून खाल्लं. आज तिथे नुसतं गवत आहे.

“आणि गंमत म्हणजे,” उल्हास म्हणाला, “हा राजवाडा बांधायला तिथलं आख्खं गाव पाडलं होतं. कडिंग्टन. चर्चसकट. पुढे खणलं तेव्हा चर्चचा पाया आतल्या चौकाखाली सापडला.”

याच्या गमतीच्या कल्पना या अशा.

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा होती आणि परीक्षक होते श्रीरंगकाका. त्यांचं आयुष्य इथल्या हॉस्पिटलात गेलं, पण रायगडावर कितव्या पायरीला दम लागतो ते त्यांना अजून पाठ. त्यांच्यापुढे इंग्रजांचा राजवाडा ठेवायचा म्हणजे शोभाच. मी म्हटलं, अरे, लोक काय म्हणतील? तर म्हणे, आपण सिंहासनावर महाराजांनाच बसवू. आणि खरंच बसवलं. पुण्याहून आणलेले मातीचे मावळे दोन्ही मनोऱ्यांवर पहाऱ्याला. आमच्या उर्वीला ते फार आवडलं. सात वर्षांची पोर, तिला हेन्री काय आणि कोण काय.

किल्ला गॅरेजमध्ये, कारण आमच्या कॉलनीच्या असोसिएशनवाल्यांना अंगणात चार दिवस काही ठेवलेलं खपत नाही. त्यामुळे माझी गाडी बाहेर. रोज सकाळी मी काचेवरचं दव पुसत होते आणि हा प्लायवूडवर गुडघे टेकून थर्मोकोल कापत होता.

पण मी सहन करत होते, कारण घर माझं होतं. लग्न झाल्यापासून दर दीड-दोन वर्षांनी मी खोकी भरली. याचं काँट्रॅक्ट संपलं की निघालो. न्यू जर्सी, डॅलस, परत न्यू जर्सी. उर्वीची एक शाळा धड झाली नाही. मग मला नॉर्थ कॅरोलिनात, ट्रायँगलमध्ये, औषधांच्या कंपनीत स्टॅटिस्टिशियनची कायमची नोकरी लागली आणि आम्ही कॅरीत हे घर बांधून घेतलं. रस्ता गोल होऊन संपतो तिथलं शेवटचं. स्वयंपाकघराला बाहेर आलेली तीन काचांची खिडकी आहे. आमच्या रस्त्यावर तशी दुसऱ्या कोणाकडे नाही, कारण त्यासाठी मीच बिल्डरशी भांडले होते. त्या सप्टेंबरात पार कॅलिफोर्नियातून, सनीव्हेलहून, याला नव्या नोकरीसाठी फोन यायला लागले. मी स्वच्छ सांगितलं, मी या घरातून हलणार नाही. तुला जायचं तर जा.

तर किल्ला. मागच्या अंगणातून लाल माती खणून आणली. इथली माती अगदी कोकणातल्यासारखी, हातापायाचा रंग दोन दिवस जात नाही. बापलेकींनी ती चाळली, भिजवली, थापली. आणि वर गवत म्हणून पेरले काय, तर माझे अळीव. माझ्या नणंदेने शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून खास लाडवांसाठी पाठवलेले. डबा उघडला तर तळाशी चमचाभर उरलेले. मी एक शब्द बोलले नाही, याबद्दल मला बक्षीस द्यायला हवं होतं.

अळीव तीन-चार दिवसांत उगवतात. उगवले. पण फक्त आतल्या चौकात, आणि तेही रेघांमध्ये. एक लांब चौकोन, त्याच्या एका टोकाला लहान चौकोन चिकटलेला. बाकी माती उघडी. मी उल्हासला म्हटलं, वा, चर्च पेरलंस का? परीक्षकांना खूश करायला?

तो वाकून बघत राहिला. मग माझ्याकडे बघून हसायला लागला. त्याला वाटलं, हे मीच केलंय. मी आणि हे उद्योग करणार! ऑफिस, स्वयंपाक, फराळ आणि वर चर्च.

उर्वीला विचारलं तर ती रडकुंडीला आली. “आय डिडन्ट टच इट, आई. प्रॉमिस.”

हे दोघं मिळून मला वेड्यात काढताहेत, असं मी धरून चालले. मला असल्या गोष्टींचा मनस्वी राग येतो. मी थर्मोकोलचा राजवाडा उचलून बाजूला ठेवला, सगळी माती फोडली, कालवली, पुन्हा थापली. नवे अळीव आणले आणि चहाच्या गाळण्यातून, माझ्या हाताने, एकसारखे पेरले. राजवाडा पुन्हा जागेवर ठेवला. गॅरेजला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये. पाणीसुद्धा मीच मारायचं. सांख्यिकीत ज्याला धड प्रयोग म्हणतात, तसा केला.

चर्च पुन्हा उगवलं. त्याच जागी.

या वेळी राजवाड्याच्या भिंतीबाहेरही रेघा होत्या. एक गल्ली आणि तिच्या दोन्ही बाजूंना लहान लहान चौकोन. प्रत्येक चौकोनाला एका बाजूला फट, दारासारखी. मी खाली बसून दोन रेघांमधली माती बोटाने उकरली. तिथेही बी होतं. पाण्याने फुगलेलं, बुळबुळीत, पण मोड नाही. गॅरेजमध्ये अळिवाचा तिखट वास होता, आणि त्याच्या खाली ओल्या लाकडाच्या धुराचा. आमच्या रस्त्यावर कोणाकडे लाकूड जळत नाही, सगळ्यांकडे गॅस आहे.

त्या वर्षी पाडवा आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते. मी उल्हासला ओवाळलं. ताट खाली ठेवलं आणि मनात साठलेलं सगळं बोलून टाकलं. मला या घरातून घाबरवून बाहेर काढायचं आहे ना तुला? दुसरी किल्ली करून घेतलीस ना? सरळ बोलायची हिंमत नाही म्हणून ही नाटकं. बाहेर शेजारची पोरं चेटकिणी होऊन बेल वाजवत होती, मी त्यांना चॉकलेटं देऊन येत होते आणि परत भांडत होते.

तो सगळं ऐकून घेत होता. कपाळावरचं कुंकू तसंच.

“वीणा, मी सनीव्हेलला नाही म्हणून कळवलं,” तो म्हणाला. “मागच्याच आठवड्यात. आज पाडव्याला सांगणार होतो.”

मला रडू आलं. आनंदाचं आणि रागाचं, दोन्ही. असं कोणी सांगतं का? आठवडाभर मी मनातल्या मनात खोकी भरत होते. पण त्या रात्री मी या घरात पहिल्यांदा शांत झोपले. अळिवांचं काय ते अळिवांनी बघावं, म्हटलं.

रविवारी दुपारी श्रीरंगकाका यायचे होते. जेवणं झाल्यावर मी गॅरेज झाडायला गेले. मावळे पुसले. आणि केरसुणी हातात धरून, नको नको म्हणत, किल्ल्याकडे बघितलं.

गल्ली लांब झाली होती. राजवाड्यापासून निघून प्लायवूडच्या कडेपर्यंत आली होती, आणि तिथे वळून गोल झाली होती. गोलाभोवती घरं. आता हे चौकोन लहान नव्हते. एका बाजूला मोठी खोली, शेजारी रुंद जागा, मागे दोन खोल्या. कडिंग्टनमध्ये गाडी ठेवायला जागा कशाला हवी होती?

मी मोजत नाही म्हटलं तरी डोळे मोजतात. उजवीकडचं पहिलं घर, त्याला मागे वाढवलेला व्हरांडा. आमच्या रस्त्यावरच्या अहिल्याताईंचं. मग त्यांच्या पलीकडच्या म्हाताऱ्या नवराबायकोचं. आणि शेवटचं, गोलाच्या टोकाला, त्याच्या मागच्या भिंतीला बाहेर आलेला तीन बाजूंचा फुगवटा.

माझी खिडकी.

चर्च जसं दिसत होतं, तसंच आमचं घर दिसत होतं. पूर्वी कधीतरी होतं, आणि आता फक्त पाया उरलाय, तसं.

आणि सगळ्या घरांना फटी होत्या. पुढच्या दाराला, मागच्या दाराला, गॅरेजला. आमच्या घराला नव्हती. मी ओणवी होऊन बोट न लावता चारी बाजूंनी बघितलं. अळीव दाट, हिरवेगार, सलग.

मी आत गेले. उर्वी टीव्हीसमोर बसली होती. तिचं मनगट धरलं आणि पुढच्या दाराने तिला बाहेर काढलं. दार नेहमीसारखं उघडलं. लख्ख ऊन होतं. आम्ही दोघी ड्राइव्हवेवर, ती मोज्यांत, मी अनवाणी.

“उल्हास, बाहेर ये.”

तो दारात आला. हातात चहाचा कप. “काय झालं? काका आले का?”

“आधी बाहेर ये. मग सांगते.”

“वीणा, लोक बघताहेत.”

“बघू देत. तू ये.”

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं की मी चेष्टा करत नाही. त्याने मान हलवली, वैतागून, पण ऐकलं.

“चपला घालून आलो,” म्हणाला आणि आत वळला.

दार वाऱ्याने लागलं. तसा वारा नव्हता.

मी मनात म्हटलं, चपला दाराशीच तर आहेत. थोडी थांबले. मग पायऱ्या चढून दार ढकललं. उघडलं. समोर हॉल, टीव्ही चालू. चपला दाराशी. कठड्यावर चहाचा कप, वाफ येत होती.

आणि तिथूनच, माझ्यापासून हातभर अंतरावरून, त्याचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. किल्ली सापडत नसली की चिडायचा, तसाच.

“वीणा, दार कुठाय?”

मी गॅरेजमध्ये धावले. आमच्या घराच्या पुढच्या भिंतीतले अळीव दोन बोटांनी उपटले. मुळासकट. एक माणूस जाईल एवढी फट केली आणि परत हॉलमध्ये येऊन हाका मारत राहिले. सकाळी फट भरली होती. रोज उपटते. रोज भरते.

पोलीस येऊन गेले. त्यांना काही ऐकू आलं नाही. श्रीरंगकाकांना आलं. ते सोफ्यावर बसून राहिले आणि मग निघून गेले. मंडळात सगळ्यांना वाटतं, उल्हास आम्हाला टाकून सनीव्हेलला गेला. मी कोणाचं बोलणं खोडून काढत नाही. मंडळातली रेखावहिनी परवा म्हणाली, एवढं मोठं घर दोघींना कशाला, विकून टाक. मी कसं विकू?

संध्याकाळी ऑफिसातून आले की मी पुढचं दार सताड उघडं टाकते आणि तिथे उभी राहून त्याला सांगते, उल्हास, सरळ ये, माझ्या आवाजाकडे ये. पहिले काही महिने तो चिडायचा. सरळ म्हणजे कुठे, म्हणायचा, नीट सांग ना. उर्वीही सांगायची, “बाबा, ओव्हर हिअर.” मग त्याचं बोलणं कमी झालं. धुराचा वास वाढला.

गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, उर्वी माझ्याजवळच गृहपाठ करत बसली होती. हॉलमधून त्याचा आवाज आला, अगदी मोकळा, आनंदी, खूप दिवसांनी.

“हो, हो, आलोच,” तो म्हणाला.

मी त्याला हाक मारली नव्हती.