एकट्याने उचलताना

गल्लीच्या तोंडाशी मी पत्ता शोधत उभी होते आणि समोरून एक खुर्ची चालत आली. खुर्चीखाली माणूस होता, पण तो मला नंतर दिसला.

"सुतारांचं घर कुठे आहे हो?" मी खुर्चीलाच विचारलं.

"काय काम आहे?" खुर्ची म्हणाली.

"मी विद्यापीठातून आलेय... फिजिओथेरपीची विद्यार्थिनी. त्यांच्याकडे एक पेशंट आहेत ना..."

खुर्ची खाली उतरली. भुवयांवर लाकडाचा भुसा आणि त्याखाली हसरे डोळे.

"मग या खुर्चीच्या मागोमाग. त्याच पेशंटसाठी केलीय ती."

आमच्या विभागात शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाला विद्यापीठामागच्या वस्तीतलं एक घर वाटून द्यायचे. दिवसाआड जायचं, व्यायाम करून घ्यायचे, वर्ष संपलं की निरोप घ्यायचा. माझ्या वाट्याला हे बापलेक आले. वडीलही सुतारच, पण अर्धांगवायूने त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. पुढच्या खोलीत रंधा, करवती, फळ्या. मागे वडिलांचा, म्हणजे माझ्या काकांचा, पलंग. घरभर पॉलिशचा वास, आणि पावसाळ्यात फुगलेलं दार ढकलताना माझी दर वेळी फजिती!

काकांना पलंगावरून खुर्चीत बसवणं हे दोघांचं काम. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. काकांच्या पाठीमागे आम्ही एकमेकांची मनगटं धरायचो. माझ्या मैत्रिणी कँटीनमध्ये प्रेमात पडल्या, लायब्ररीत पडल्या. मी पडले ती एका म्हाताऱ्याच्या पाठीमागे.

"तुमची पकड सैल आहे," तो म्हणायचा.

"माझी? तुमचंच लक्ष नसतं!"

"असतं की. फक्त... भलतीकडे असतं."

"अरे, पाडाल मला!" काका अर्ध्या ओठाने ओरडायचे. "आधी मला बसवा, मग काय ते बोलत बसा."

मग आम्ही तिघंही हसत सुटायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कळलंच नाही. मी म्हटलं म्हणून त्याने दोन खोल्यांमधल्या बोळाच्या भिंतीला लाकडी कठडा बसवला. इतका गुळगुळीत घासला होता की मी उगाचच त्यावरून हात फिरवत उभी राहायचे, आणि तो उगाचच तिथे काहीतरी शोधायला यायचा.

वर्ष सरत आलं तशी माझी नोकरी ठरली. लांबच्या शहरातलं रुग्णालय. शिष्यवृत्तीची अटच तशी होती. पाच वर्षं तिथून हलता येणार नव्हतं. त्याला सांगितलं तेव्हा तो खाली बघून रंधा मारत राहिला. मला वाटलं, संपलं. पण पंधरवड्याने, फळीवर खुणा करता करता म्हणाला,

"तिथे एक खुर्च्यांचा कारखाना आहे. घेतायत मला."

"आणि काका?"

"राहायला मिळेल ती चौथ्या मजल्यावरची खोली, तीही आणखी तिघांबरोबर. तिथे त्यांना कसं नेऊ? पण ते आपले आपण उठायला-चालायला लागले, तर राहतील इथे. जेवणाचं शेजारची मावशी बघेल. मग मी आलोच... तुझ्यामागे."

पलीकडच्या खोलीत काकांनी हे ऐकलं असणार. कारण त्या दिवसापासून ते हट्टालाच पेटले. मी पोचायच्या आधीच ते कठडा धरून बोळात उभे असायचे. एकदा तर चक्क चालत आले. ओठ दातांत धरलेला, कपाळ घामाने भिजलेलं.

"बघ पोरी... येतंय की नाही?"

त्यांच्या मागे हात पसरून तो येत होता, आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. मी काकांच्या खांद्याला हात लावला. खांदा सुजून गरम झाला होता.

तो पाणी आणायला गेला. "दुखतंय ना, काका?"

"दुखू दे. त्याला सांगू नकोस," डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट पकडलं. "माझ्यापायी तुमचं नको अडायला."

मी त्यांच्या खांद्यावर ओला फडका ठेवला. निघताना तो मला दारापर्यंत सोडायला आला आणि त्यानेच विचारलं,

"खरं सांग. चालतील ना ते एकटे?"

हो म्हटलं असतं, तर तो आला असता. मला हवा होता तो, अगदी जीव तोडून हवा होता.

"नाही," मी म्हटलं. "आधाराने चार पावलं... एकटे कधीच नाही. असंच रेटत राहिले तर एक दिवस पडतील, आणि मग पलंगही सुटणार नाही."

बराच वेळ तो दाराच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"हे विद्यार्थिनी म्हणून सांगतेयस?"

"विद्यार्थिनी असते तर म्हटलं असतं, बघू या. माझं प्रेम आहे तुझ्यावर, म्हणून सांगतेय."

त्याने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

शेवटच्या दिवशी व्यायाम घेतलेच नाहीत. त्याला एकट्याने उचलायला शिकवायचं होतं, आणि काकांच्या दुखऱ्या खांद्यावर ते शिकणं बरं नव्हतं. म्हणून पलंगाच्या कडेला मीच बसले, उजवा हात सैल सोडून.

"तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकव. काखेत हात घालायचा नाही, पाठीमागून कमरेला धर. जवळ ये... आणखी. लांब राहिलास तर कंबर जाईल तुझी."

त्याने मला उचललं.

"आता वळ आणि बसव."

तो वळलाच नाही. त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर होती, भुशाचा वास नाकात जात होता, आणि माझा सैल सोडलेला हात कधी त्याच्या पाठीवर गेला ते मला कळलं नाही. काका खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"चुकलं बहुतेक," तो कानाशी पुटपुटला. "पुन्हा करू?"

चुकलं काहीच नव्हतं. आम्ही पुन्हा केलं.

मग काकांची पाळी आली. मदतीला पुढे जातील म्हणून मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. त्याने गुडघा टेकवला, कमरेला धरलं, एका दमात त्यांना उभं केलं, वळवलं आणि अलगद पलंगावर बसवलं. कुठे धक्का नाही, काकांचं 'हाय' नाही.

"जमलं?" त्याने विचारलं.

इतकं छान जमलं होतं की मला रडूच कोसळलं.