भारस्मृती

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या प्रयोगशाळेत बोलायला मनाई नव्हती. तरीही डॉ. अश्लेषा सरनाईक कानाला ध्वनिवेधक, म्हणजे बारीकसा आवाजही टिपणारं यंत्र, लावून बसल्या की संचालकसुद्धा चवड्यांवर चालायचे. शर्यतीच्या महागड्या सायकलींचे भाग पारखणं हे अश्लेषाताईंचं काम, आणि त्यात त्यांचा शब्द अखेरचा. कंपन्या कितीही गुळगुळीत जाहिराती करोत, ताई तो भाग भारयंत्रात धरायच्या, दाबायच्या आणि ऐकायच्या.

त्या दिवशी मात्र त्यांचं लक्ष भिंतीवरच्या पडद्यावर होतं. कोल्हापूर ते वैभववाडी शर्यतीत त्यांची धाकटी बहीण केतकी सर्वांत पुढे होती. राष्ट्रीय संघाची निवड याच शर्यतीतून होणार होती आणि वयाच्या अटीमुळे केतकीची ही शेवटची संधी होती. गगनबावड्याचा चढ संपत आला होता. पुढे करूळ घाटाचा उतार.

तेवढ्यात डॉ. फिरोज तांबोळी आले. नव्या स्वसांधी राळेचे जनक तेच. कर्बतंतूंना, म्हणजे कार्बन फायबरला, धरून ठेवणारी ही राळ स्वतःच्या बारीक चिरा स्वतःच भरून काढते. त्या राळेचे तीन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दुपायी भाग, त्यांनी पारखायला पाठवले होते. समजावून सांगायला येऊ का, असंही विचारलं होतं. कर्बतंतू कसा ऐकायचा हे मला शिकवू नका, असं ताईंनी तेव्हा कळवलं होतं.

खोक्यात लाल चिठ्ठ्या लावलेले दोन फोर्क पाहून तांबोळींनी विचारलं, हे नापास का?

"बोलले," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "एकशेवीस किलोलाच कडकड करायला लागले. तिसरा अगदी गप्प. तोच केतकीला दिला."

तांबोळींनी खुर्ची ओढली, पण ते बसले नाहीत. "गप्प म्हणजे चांगला, हा नियम कशावरून?"

हा काय प्रश्न झाला, असं ताईंना वाटलं. तरी त्यांनी सांगितलं. भार आला की आत बारीक चिरा पडतात आणि प्रत्येक चीर आवाज करते. एकदा सोसलेला भार पुन्हा दिला तर नव्या चिरा पडत नाहीत, म्हणून आवाज येत नाही. वस्तूला तिचा सर्वांत मोठा भार लक्षात राहतो. हीच भारस्मृती. त्यांच्याकडे रिवाजच होता: आज एकशेवीस किलो द्यायचे, रात्रभर विसावा द्यायचा, उद्या पुन्हा तेवढेच द्यायचे. दुसऱ्या दिवशी गप्प राहील तो पक्का. वीस वर्षं हा नियम कधी चुकला नव्हता.

"जुन्या राळेला तो बरोबर आहे," तांबोळी म्हणाले. "माझी राळ विसाव्यात चिरा भरते. भरलेली जागा कोरी असते, तिला जुना भार आठवत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बोलायलाच हवी. मॅडम, हे दोन्ही फोर्क निरोगी आहेत."

"आणि गप्प राहिलेला?"

"एक तर तो इतका उत्तम की त्याला चीरच पडली नाही. नाहीतर त्यातला चिरा भरणारा सांधद्रव संपलाय आणि चिरा साचत चालल्यात. यातलं कुठलं, ते आणखी भार दिल्याशिवाय सांगता येणार नाही."

नवा फोर्क, त्यातला द्रव कसा संपेल, असं ताई म्हणाल्या खऱ्या. पण करूळच्या मोरीजवळच्या वळणाचा हिशेब त्यांनीच मांडला होता. सरावाच्या वेगात तिथे ब्रेक मारला तर फोर्कवर एकशेपंचेचाळीस किलो येतात. शर्यतीत ब्रेक उशिरा मारतात, तेव्हा एकशेसाठ. निरोगी फोर्क तीनशेपर्यंत तग धरतो. आजारी किती धरेल, कोण जाणे.

त्यांनी प्रशिक्षक पोवारांना फोन लावून केतकीला थांबवायला सांगितलं.

पोवार भडकले. पोरगी पाऊण मिनिटाने पुढे आहे, फोर्क तुम्हीच दिलात, सकाळी तुम्हीच हसत निरोप दिलात, आणि आता शंका येते? खात्री आहे का तुमची?

खात्री नव्हती. पडद्यावर केतकी माथ्यावरच्या कमानीखाली पोचली होती. फोर्क उत्तम निघाला तर बहीण आयुष्यभर तोंड बघणार नाही, हे ताईंना ठाऊक होतं. त्यांनी पोवारांना त्यांचा रेडिओ थेट तिच्या कानाशी जोडायला लावला.

"केतू, थांब. सायकलवरून उतर."

"ताई, काय खुळी झालीस काय?"

"उतर म्हणते ना."

केतकी उतरली. तिने सायकल कठड्याला टेकवली आणि मागच्या सगळ्याजणी तिच्यासमोरून घाटात उतरून गेल्या. ताईंना ते बघवेना. त्यांनी पडदा बंद केला.

दुपारी केतकी स्वतःच फोर्क घेऊन प्रयोगशाळेत आली. डोळे सुजलेले होते. तांबोळी तिथेच थांबले होते. ती फोर्क टेबलावर आपटून म्हणाली, "दाब. बघू दे मला."

ताईंनी तो भारयंत्रात बसवला आणि आवाज कर्ण्यावर सोडला. शंभर किलो. शांतता. एकशेवीस. शांतता. एकशेतीस, एकशेचाळीस, तरी चकार शब्द नाही. केतकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "उत्तमच होता," ती म्हणाली. "माझं वाटोळं केलंस, ताई." काम अर्धवट सोडायची ताईंना सवय नव्हती. त्यांनी भार किलोकिलोने वाढवत नेला.

एकशेपंचेचाळीसपर्यंत शांतता होती. एकशेसेहेचाळीसला पहिली टिकटिक ऐकू आली.

ताईंनी यंत्र तिथेच थांबवलं. त्यांनी फोर्कला एकशेवीसपेक्षा जास्त भार कधी दिला नव्हता, आणि आज केतकी घाट उतरलीच नव्हती. तरी त्याला एकशेपंचेचाळीस आठवत होते. महिन्यापूर्वी, चाचणीच्याही आधी, चाक बसतंय का ते पाहते म्हणून केतकी यातलाच एक फोर्क आठवडाभर घरी घेऊन गेली होती. न पारखलेल्या भागावर घाटात जायचं नाही, असं ताईंनी तेव्हा बजावलं होतं.

"केतू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मोरीच्या वळणावर किती वेळा गेलीस?"

"चार," केतकी म्हणाली. "एकाच दिवशी. लागोपाठ. सराव नको का करायला?"

तांबोळींनी डोळे मिटून घेतले. विसावा न देता एवढा भार पुनःपुन्हा दिला, तर वर्षभराचा सांधद्रव एका दिवसात खर्ची पडतो. म्हणून फोर्क गप्प झाला, आणि गप्प होता म्हणूनच पास झाला.

ताईंनी पुन्हा कळ दाबली. टिकटिकीची कडकड झाली आणि फोर्कचे दोन्ही पाय एकदम तुटले. आकडा तिथेच थांबला: एकशेएकोणपन्नास.

केतकीने तुकडा उचलला, आकड्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात वजाबाकी केली.

"चार किलो," ती म्हणाली. "ताई, चौथ्या वेळी मी फक्त चार किलो अलीकडे होते."

ताईंनी तिला जवळ ओढलं. ती रडू लागली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.